मूळ फोन कुठं आहे?

दारव्ह्याच्या कोर्टात अठरा वर्षं वकिली केलेल्या उज्ज्वला खोब्रागडेंची भर कोर्टात एकदाच मान खाली गेली. घाईघाईत त्यांनी एका अर्जात ए.आय.नं सुचवलेला उच्च न्यायालयाचा निकाल घातला होता. न्यायाधीशांनी विचारलं, "वकीलबाई, हा निकाल छापला कुठं?" तो कुठंच छापला नव्हता. यंत्रानं आपल्या मनानं रचला होता. माफी मागून अर्ज मागं घ्यावा लागला.

त्याच महिन्यात त्यांनी ए.आय. कायद्याच्या ऑनलाइन अभ्यासक्रमात नाव घातलं. नोकरी-धंदा सांभाळून शिकणाऱ्यांसाठी तो होता, तास दर रविवारी सकाळी. ज्येष्ठ वकील सदाशिवराव म्हणाले, "आपल्याकडे बांधाच्या अन् वाटण्यांच्या केसेस. तुले हे कायले पाहिजे?"

"एकदा फसली ना मी, म्हणून."

पहिले दोन रविवार इंग्रजी शब्दांच्या रेट्यात निम्मं डोक्यावरून गेलं. पुण्याचे बँकवाले, नागपूरचे डॉक्टर फटाफट बोलत. तिसऱ्या रविवारी उज्ज्वलाताईंनी सरळ मराठीत शंका विचारली. सरांनी मराठीतच उत्तर दिलं, आणि मग आणखी चौघांनी मराठीत तोंड उघडलं.

चौथ्या महिन्यात प्रभावती त्यांच्याकडे केस घेऊन आली. जवळच्या खेड्यातली अंगणवाडी सेविका. गावच्या ग्रुपवर तिच्या आवाजातली क्लिप फिरत होती : 'मला जे करायचं ते मी करीन, पोरांचा खाऊ विकीन.' एकानं तक्रार केली, चौकशी लागली, तिला कामावरून दूर ठेवलं.

"ताई, आवाज माहाच हाये, पण मी बोलली नाही," ती म्हणाली. "घरचेही माह्याकडं वेगळ्या नजरेनं पाहून राह्यले."

उज्ज्वलाताईंनी क्लिप तीनदा ऐकली. प्रभावती कधी 'मला' म्हणत नसे, नेहमी 'मले'च, आणि इथं 'मला' होतं. क्लिप ए.आय.नं तिच्या आवाजात बनवलेली असावी. पण तेवढ्यावर उड्या मारायच्या नाहीत, हे त्या वर्गात शिकल्या होत्या. कानाला वाटतं तो पुरावा नव्हे. क्लिप पहिल्यांदा कुठल्या फोनवर आली, ते आधी विचारायचं.

मूळ फोन आणि मूळ रेकॉर्डिंग हजर करा, असा दीड पानाचा अर्ज त्यांनी चौकशी अधिकाऱ्यांना लिहिला. प्रत्येक कलम पुस्तक उघडून दोनदा तपासलं. चौकशीच्या दिवशी तो अर्ज वाचून अधिकाऱ्यांनी तक्रारदाराला विचारलं, "मूळ फोन कुठं आहे?"

"मले ग्रुपवरच भेटली, साहेब."

"ग्रुपवर कोणी टाकली?"

नंबर काढला. तो बंद होता आणि गावात कुणाच्याच ओळखीचा नव्हता. रेकॉर्डिंग कधी झालं, कुठं झालं, एकालाही सांगता येईना. अधिकारी फाइल बंद करत म्हणाले, "मूळच नाही, तर या बाईवर ठपका कशाच्या आधारावर ठेवू?" सोमवारपासून हजर व्हा, असं त्यांनी प्रभावतीला तिथंच लिहून दिलं.

बाहेर येऊन ती पायरीवर बसली. घरी फोन लावला. "हो, सुटली मी," एवढंच बोलली आणि रडायला लागली. पलीकडून नवऱ्याचंही रडणं ऐकू येत होतं.

क्लिप कुणी बनवली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. उज्ज्वलाताईंना त्याची टोचणी राहिली. तरी त्या दिवशी चौकशीहून कोर्टात परतताना त्यांचं मन हलकं झालं होतं. वकिलांच्या बाररूममध्ये सदाशिवराव वाट पाहत होते. त्यांनी खुर्ची पुढं सरकवली.

"बस. त्या रविवारच्या वर्गात माह्या वयाच्या माणसाले घेतेत काय, सांग."