हात न धरता चालायची वाट

वाशिंदहून निघालो तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते, आणि गाडीत बसेपर्यंत मी ह्यांना चार वेळा "जपून" म्हणाले होते. हे म्हणजे माझा नवरा. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू गेली. तीस वर्षं कारखान्यात उभ्याने काम केलेला माणूस आता सोफ्यापासून गॅलरीपर्यंत चालायचा, तेही माझा हात धरून. खाली उतरायचं नाव नाही. "लोक बघतात," एवढंच कारण.

व्यायाम करून घ्यायला रोज मंगल येते. तिने एकदा आपल्या माहेरच्या कोटाबद्दल सांगितलं. कोट म्हणजे किल्ला नव्हे, माळावर नदीतले गोटे मांडून केलेला चक्रव्यूह. मागणं मनात धरून त्या वाटेने मध्यापर्यंत जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. मी काही फार देवभोळी नाही, पण उपाय थकले की माणूस गोट्यांनाही हात जोडतो. ह्यांनी लगेच हो म्हटलं, याचंच मला नवल वाटलं.

शहापूर मागे टाकून किन्हवलीच्या रस्त्याला लागलो. भात कापून गेलेल्या खाचरांत वाल तरारला होता. सरळगावला चहाला थांबलो. मी बशीत ओतून द्यायला गेले तर ह्यांनी कप ओढून घेतला आणि अर्धा चहा विजारीवर सांडला.

"झालं समाधान?" मी विचारलं.

"झालं," हे म्हणाले आणि उरलेला चहा भुरका मारून प्यायले.

म्हसा गावची जत्रा नुकतीच सरली होती. गुरं बांधायच्या खुंट्या आणि उसाची चिपाडं तेवढी मैदानात उरली होती. तिथून पुढे गोरखगडाचा सुळका समोर ठेवून तासाभरात मंगलच्या गावी पोचलो.

मंगलने आधीच निरोप धाडला होता. तिची आई अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. सगळा गाव तिला आये म्हणतो. कोरा चहा झाल्यावर तिने ह्यांना नीट न्याहाळलं, मग मला न्याहाळलं, आणि आम्हाला माळावर घेऊन गेली.

पहिल्यांदा बघताना मी जरा खट्टूच झाले. वीतभर उंचीचे गोटे, त्यांचे सात वेढे, आणि मधोमध शेंदूर लावलेला एक दगड. वर्षभर गुरं हे गोटे तुडवतात. भात घरात आलं की प्रत्येक घरचं माणूस येऊन आपल्या वाट्याचे गोटे पुन्हा मांडतं.

"ज्याचा दुखना त्यानं पुढं जायाचा," आये म्हणाली. "ज्यानं आनला त्यानं मागनं. बोलायचा नाय, दगडावरनं उडी मारायची नाय. पायानं गोटा हलला तं तो जागेव ठेवून मंगच पुढं. आनि हात नाय धरायचा."

"अहो आये, पण ह्यांना..."

"वाट येका मानसाची हाय गो. दोघं मावत नाय."

हे चपला काढून आत शिरले. मी त्यांच्या मागे एक वेढा सोडून. मागायची यादी घरूनच पाठ करून आणली होती: डावा पाय, डावा हात, रात्रीची झोप. पण लक्ष कुठलं लागतंय! ती वाटही मोठी खट्याळ. शेंदराच्या दगडापाशी नेते आणि आता पोचलो म्हणेपर्यंत पार कडेला नेऊन सोडते. अशाच एका बाहेरच्या वळणावर हे थांबले. डावीकडे झुकले, आणखी झुकले.

मी ओरडले आणि धावत सुटले. सरळ, वेढे तुडवत. गोटे इकडेतिकडे उडाले.

हे पडत नव्हते. ओढत्या पायाने एक गोटा हलला होता, आणि गुडघ्यावर हात टेकून ते तो जागेवर ठेवत होते. मी दंड धरला तशी त्यांनी मान वर केली. त्या नजरेने मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

"मोडलास ना कोट?" आये कडेवरून म्हणाली. रागावली नव्हती. "माझी बी हीच चूक झाल्ती, मंगलच्या बापाच्या टायमाला. आता सगले गोटे मांड, आनि परत पहिल्यापासून चाल. त्यांना जाऊ दे."

मी खाली बसून एकेक गोटा मांडला. प्रत्येक गोट्याबरोबर वाटत होतं, दीड वर्षं मी हेच करत आले. जपायच्या नादात त्यांची वाट तुडवत आले. डोळ्यांतून पाणी आलं ते पदराने पुसलं आणि पुन्हा वाटेच्या तोंडापासून चालू लागले.

चौथ्या वेढ्यावर हे समोरून आले. मध्याला जाऊन परत फिरले होते. घामाने डबडबलेले, नाकाला शेंदूर लागलेला. वाट हातभर रुंद. मी अंग चोरून कडेला उभी राहिले. माझा हात आपोआप वर आला, तो मी पाठीमागे नेऊन दुसऱ्या हातात घट्ट धरला. ते मला घासून पुढे गेले, पाय ओढत, पण गेले.

मध्याला पोचले तर माझी यादी पार विसरली होती. एकच मागितलं: मला हात सोडायला जमू दे.

दुपारी आयेने तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. ह्यांनी स्वतःच्या हाताने भाकरी मोडली. बिरडं सदऱ्यावर सांडलं आणि मी चक्क गप्प बसले.

परतीच्या वाटेवर हे गाडीत झोपले. कोटाने पाय बरा केला का, तर नाही. पाय सकाळी होता तसाच होता. पण मी काही सकाळची राहिले नव्हते, आणि एवढ्यासाठी मी पुन्हा पन्नास मैल जाईन.

संध्याकाळी वाशिंदला गाडी थांबली. इमारतीच्या कट्ट्यावर नेहमीची मंडळी बसली होती. माझा हात सवयीने ह्यांच्या दंडाकडे गेला.

"वाट येका मानसाची हाय गो," हे म्हणाले, अगदी आयेच्या आवाजात.

कट्ट्यावरची माणसं बघत होती. ह्यांनीही त्यांच्याकडे बघितलं, कठडा धरला आणि पहिली पायरी चढले.