जीनपंडित आणि चार पायांची सवत

जीनपंडित रस्त्याने जाताना माणसांचे चेहरे बघत नसत, पाठी बघत. दूधविनायकाच्या गल्लीत समोरून कुणी आलं तर यांना ओळख पटायची नाही. तोच माणूस पुढे निघून गेला की मागे वळून म्हणायचे, "अरे, हे तर गोविंदभट! उजवा खांदा पडलाय त्यांचा." लोक हसत. मला हसू येत नसे, कारण हे गृहस्थ माझे यजमान होते, आणि एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझा चेहरा नीट पाहिल्याचं मला आठवत नाही.

घराणं वैदिकांचं. सासरे ब्रह्माघाटावर वेद शिकवत, दीर याज्ञिकी करत. यांनी मात्र पोथी सोडून चामडं धरलं. छावणीत रिसाल्यातून निवृत्त झालेला एक कर्नल घोड्यांची शाळा चालवी. तिथे शर्यत नाही, उडी नाही. स्वाराने लगाम जेमतेम हलवायचा आणि घोड्याने एकेक पाय तोलून तालात टाकायचा. गल्लीतले लोक त्याला 'घोडा नचाना' म्हणत. त्यासाठी जीनही वेगळं लागे. बैठक खोलगट, बाजूची पाखं लांब आणि सरळ, म्हणजे स्वाराची मांडी सरळ खाली सुटते. असं जीन घोड्याच्या पाठीला आणि वर बसणाऱ्याला, दोघांनाही नीट बसवून देणं हे यांचं काम. म्हणून छावणीने यांना जीनपंडित हे नाव दिलं. घरात ते नाव कुणी घेत नसे.

संध्याकाळी हे दाराशी आले की सासूबाई आतून ओरडत, "तिथेच थांब रे! चमड्याचे हात घेऊन चौकटीच्या आत येऊ नकोस. आधी गंगेत डुबकी मारून ये." हे मुकाट्याने उलट पावली ब्रह्माघाटाच्या पायऱ्या उतरत आणि ओलेत्याने परत येत, माघाच्या थंडीतसुद्धा. स्वयंपाकघरात तर चामड्याचं नावही निघायचं नाही. मला फार दया यायची. पण पानावर बसले की पहिल्या घासाआधीच चांदणीची कथा सुरू होई, आणि मग माझी दया कुठल्या कुठे जाई.

चांदणी ही कर्नलच्या मेमची पांढरी घोडी. तिच्या मानेच्या मुळाशी उंचवटा कसा बेताचा आहे, दाणा वाढला की तिची पाठ कशी भरते, उन्हाळ्यात कशी उतरते, आणि मग जीनाच्या गादीतली लोकर कशी कमीजास्त करावी लागते, हे मी रोज ऐकत असे. मी भाजी कशाची केली होती हे मात्र यांना जेवून उठल्यावरही सांगता येत नसे. मला सवत होती आणि तिला चार पाय होते. हे माहेरी कुठल्या तोंडाने सांगायचं? मला दागिने नको होते की शालू नको होता. या माणसाने एकदा, फक्त एकदा, माझ्याकडे त्या घोडीकडे बघतात तसं बघावं, एवढंच मला हवं होतं.

शिशाची एक मऊ पट्टी घोडीच्या पाठीवर दाबून हे तिचा आकार घेत, ती जपून घरी आणत आणि अंगणातल्या फरशीवर कोळशाने तो आकार आखत. एका दुपारी मला राहवलं नाही. मी ओलं फडकं घेतलं आणि चांदणीची पाठ साफ पुसून टाकली. पट्टीही सरळ करून ठेवली. हे आले, फरशीकडे पाहिलं, कोळसा उचलला आणि तीच रेघ जशीच्या तशी पुन्हा काढली. मी जळून खाक झाले. म्हटलं, "अहो, माझं नाक दाखवाल का असं काढून?"

"नाकावर जीन घालत नाहीत," हे म्हणाले.

यांचं एक आवडतं वाक्य होतं, "घाम खोटं बोलत नाही." जीन उतरवल्यावर घोड्याची पाठ सारखी ओली असेल तर ठीक, मध्येच कोरडा डाग दिसला तर तिथे जीन दाबतंय असं समजायचं. एकदा चांदणीची पाठ डाव्या बाजूला सुजली. कर्नल म्हणाला, जीन फेकून द्या. यांनी जीन बाजूला ठेवलं आणि मेमलाच म्हणाले, "मेमसाब, ज़रा चलकर दिखाइए." मग तिचे बूट मागून घेतले आणि टाचा पाहिल्या. डावी टाच झिजलेली. लहानपणी पडल्यापासून ती बाई डाव्या अंगावर भार टाकून बसायची, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. यांनी डाव्या गादीतली लोकर काढून, विंचरून पुन्हा भरली. मेम मधोमध बसू लागली, घोडी बरी झाली. "दोष घोडीत नव्हता, मेममध्येही नव्हता," हे मला सांगत होते, "दोघींच्या मधल्या जागेत होता."

"परक्या बाईच्या टाचा बघता!" मी कडाडले. "माझी कंबर रोज धरते चुलीपुढून उठताना. पण मी कुठली घोडी!"

हातातला घास तसाच ठेवून यांनी विचारलं, "कुठल्या बाजूला?"

"जेवा मुकाट्याने," मी म्हटलं.

पुढे थोड्याच दिवसांत चुलीपुढचा माझा पाट एका अंगाला कलला. मी कुरकुरले तर हे म्हणाले, "जुनं लाकूड आहे, फुगलं असेल. बदलू नकोस, त्यावरच बस." नव्या पाटाचीही वानवा, म्हणून मी मनातल्या मनात चरफडत बसत राहिले. कंबर धरायची मात्र हळूहळू थांबली. कमरेसाठी दूधविनायकाला बोललेला नवस मी मोदकांनी फेडला. यांनी ते मोदक पोटभर खाल्ले आणि गणपतीचं कौतुक केलं.

मग कर्नल विलायतेला गेला. मेमने जीन बरोबर नेलं आणि चांदणी लांबच्या छावणीत विकली. त्या संध्याकाळी हे घाटावरून आले आणि ओल्या धोतरानेच जिन्यावर बसून रडले. "नव्या जीनातली लोकर कुणी नाही बदलली तर?" एवढंच म्हणत होते. मी पहिल्या बाळंतपणाला पुण्याला निघाले तेव्हा स्टेशनवर हा माणूस ट्रंक जड आहे एवढंच बोलला होता. मी पंचा आणून दिला.

काही वर्षांनी हेही गेले. मणिकर्णिकेवरून मुलगा परतला, दिवस झाले. तेराव्याला ब्राह्मण जेवायला बसणार म्हणून घरातले डुगडुगणारे पाट नीट करायला गल्लीतला सुतार बोलावला. माझाही पाट मी त्याच्यापुढे टाकला. म्हटलं, "हाही एकदाचा सरळ कर."

त्याने पाट उलटा केला आणि थबकला. ओसरीवर दीर मंत्र म्हणत होते. तिकडे बघत तो हळूच म्हणाला, "माई, ई त चमड़ा हौ."

उजव्या बाजूच्या पट्टीखाली चामड्याचे थर होते, एकावर एक शिवलेले. टाका तोच, जीनाचा, बारीक आणि सारखा. मी पाट सुलटा केला आणि पहिल्यांदाच नीट पाहिला. उजवीकडे माझ्या बसण्याने लाकूड गुळगुळीत झालं होतं, डावीकडे रंध्याच्या खुणा अजून दिसत होत्या. मेमच्या टाचा पाहिल्या तसाच यांनी माझा पाट पाहिला होता. जे चामडं धुवून काढायला हा माणूस रोज गंगेत उतरायचा, तेच त्याने सासूबाईंच्या सोवळ्याच्या चुलीपुढे आणून ठेवलं होतं, माझ्या कमरेसाठी. मला सगळ्यांदेखत रडू कोसळलं. दिरांना वाटलं, तेराव्याचं दुःख.

"निकाल देईं?" चामड्याला पटाशी लावत सुताराने विचारलं.

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "खिळा ढिला असेल तर पक्का ठोक."

परवा सून त्या पाटावर बसली आणि म्हणाली, "आई, हा टेढा आहे, फेकून देऊ या का?" मी तिला उठवलं. म्हटलं, "दुसरा घे. हा माझ्या मापाचा आहे."