कोऱ्या कागदावरची सही

पंजाबरावांच्या आईनं जन्मभर अंगठा लावला. दर वेळी बोटाची शाई लुगड्याला पुसताना ती पोराला बजावायची, "तू सही करशीन बरं, अंगठा नाही लावाचा." पोरानं ते मनावर घेतलं. चुन्याच्या खड्यानं अंगणातल्या फरशीवर गिरवून गिरवून त्यानं अशी सही कमावली की बँकेतला माणूससुद्धा दोनदा बघायचा. पहिलं अक्षर ठसठशीत आणि नावाखाली ओळंब्याची दोरी आडवी ताणावी तशी सरळ रेघ. आज अठ्ठावन्नाव्या वर्षी हात सिमेंटनं फुटलेत, पण ती रेघ अजून हलत नाही.

पंधराव्या वर्षी ते माल कालवायला लागले, विशीत गवंडी झाले आणि चाळिशीत सरकारी कामांचे नोंदणीकृत ठेकेदार. नोंदणीचा कागद आला त्या दिवशी जनकाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, जळगाव जामोदच्या बाजारातून फ्रेम आणून तो भिंतीवर लावला. मग लेटरहेड छापून आल्या. वर मोठ्या अक्षरात नाव, खाली पत्ता आणि नोंदणी क्रमांक. पंजाबराव त्या गठ्ठ्यावरून नुसता हात फिरवत बसले होते.

असल्या माणसानं दहा कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून त्या ऑफिसातल्या क्लार्कच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या, असं सांगितलं तर बाहेरचा माणूस त्यांना खुळ्यात काढेल. खुशाल काढो. इथं ठेकेदारीत ही रीतच आहे. ऑफिस लांब, दोन बस बदलाव्या लागतात. पत्रात एक ओळ कमी पडली तरी अख्खा दिवस पाण्यात जातो. मग क्लार्कच प्रेमानं म्हणतो, "भाऊ, पाच-दहा सह्या करून ठेवा, काई लागलं तं मी टाइप करून लावून देतो." हे उपकारात मोजलं जातं. नाही म्हटलं, तर आपल्यावर भरवसा नाही असा अर्थ होतो, आणि मग पुढचा कागद कुठं अडतो ते शोधत बसायचं. हा क्लार्क होता हरिओम. बोलायला गोड, कधी कुणाकडे चहाचेही पैसे न मागणारा. खात्याचं नाव मी सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कपाटं सगळीकडे तीच आणि कुलपंही तीच.

काम होतं सातपुड्याच्या पायथ्याशी नाल्यावरच्या एका लहान पुलाचं. मुदत नऊ महिने. पंजाबरावांनी मिक्सर नेला, स्लॅबखाली लावायच्या सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा नेल्या, अकरा माणसांची टोळी नेली, आणि बघतात तर पलीकडच्या काठावर नेमके पुलाच्या जागेत विजेचे चार खांब उभे! खांब हलवायचे खात्यानं, त्याचे पैसे भरायचे खात्यानं, आणि थांबायचं मात्र पंजाबरावांनी. ते थांबले. चौदा महिने थांबले. टोळीला अर्ध्या मजुरीवर धरून ठेवलं, मिक्सरवर ताडपत्री टाकली, आणि रोज सकाळी जाऊन त्या खांबांकडे बघून यायचे. खांब काय, उभेच होते.

या काळात त्यांनी कामावरच्या खात्याच्या इंजिनियरला, दीपकसाहेबांना, स्वतःच्या हातानं पाच पत्रं लिहून दिली. खांब हटवा, माझं नुकसान होऊन राहिलं आहे, असं स्वच्छ लिहिलं. दीपकसाहेब वाचायचे, "हो हो, बघतो ना," म्हणायचे आणि पत्राची घडी करून खिशात घालायचे. दरम्यान मुदत संपत आली की हरिओमचा फोन यायचा, "भाऊ, मुदतवाढीचं पत्र लावून देल्लं बरं. नाई तं रोजचा दंड लागला असता." पंजाबराव म्हणायचे, "लय उपकार झाले बावा." असं तीनदा झालं. पूल झाला, शेवटचं बिल निघालं, तेव्हा चौथ्यांदा फोन आला आणि चौथ्यांदा उपकार झाले.

पूल उभा राहिला, पण पंजाबराव बसले. टोळीची राहिलेली मजुरी द्यायला त्यांनी खामगावला जाऊन प्लेटा विकल्या, मागोमाग मिक्सर विकला. ज्या गोविंदाला त्यांनी थापी धरायला शिकवलं, त्याच्याच वडनेर भोलजी गावातल्या साइटवर ते आता रोजंदारीनं भिंती उचलतात. गोविंदा मान देतो, चहा आधी त्यांना देतो. तेच त्यांना जास्त लागतं.

मुलगी मंजुश्री वकिली शिकली, खामगावच्या एका वकिलांच्या हाताखाली काम करते. तिनंच बापाच्या नावानं खात्याकडे दावा लिहून दिला. चौदा महिने खात्यामुळे गेले, त्याची नऊ लाखांची भरपाई द्या. दावा मिळाला तर प्लेटा परत येतील आणि पंजाबराव पुन्हा स्वतःच्या नावानं काम घेतील. नाही मिळाला तर शेवटपर्यंत दुसऱ्याच्या भिंती. घरात याशिवाय विषय नव्हता.

खात्याचं उत्तर आलं ते चार झेरॉक्ससकट. पहिल्या तिन्ही पत्रांत एकच ओळ होती, "या मुदतवाढीपोटी मी कोणतीही नुकसानभरपाई मागणार नाही." चौथ्यात लिहिलं होतं, "सदर कामाबाबत माझा कोणताही दावा शिल्लक नाही." खाली चारही ठिकाणी ठसठशीत अक्षर आणि सरळ रेघ.

मंजुश्रीनं ती पत्रं बापापुढे टाकली. "बाबा, हे तुमी लेहून देल्लं?"

"मी काऊन लेहू असं?"

"मंग सही?"

मग पंजाबरावांनी ड्रॉवरची गोष्ट सांगितली. मंजुश्रीनं कपाळावर हात मारून घेतला.

"अशी सही म्हंजे सगळंच संपते असं नाही बाबा," ती म्हणाली. "दबावानं घेतली असंन, तं कोर्ट आयकते. पण दबाव दाखवा लागते. तुमी वेळीच तक्रार केल्ती का, हे पयले इचारतेत."

"केल्ती ना! पाच पत्रं देल्ली."

"पोच कुठं हाय? शिक्का मारलेली?"

"पोच?" पंजाबरावांना प्रश्नच कळेना. "साहेब समोर उभा, पत्र त्याच्या हातात देल्लं, अन् त्याले म्हणू का आता सही दे म्हणून? त्याले काय वाटंन?"

"त्याले काय वाटंन!" मंजुश्री एवढी ओरडली की जनकाबाई पोळी तव्यावर टाकून बाहेर आल्या. "त्यायनं तुमची दहा डाव सही घेतली बाबा. तुमाले काय वाटंन, हे कोणी इचारलं?"

पंजाबरावांना राग आला होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. हरिओमवर ठेवावा तर त्यानं दमडी खाल्ली नव्हती. खात्यावर ठेवावा तर खातं म्हणजे कोण? शेवटी तो फिरून स्वतःवरच येऊन बसला.

मंजुश्रीच्या वकिलांनी एक सोपी वाट सुचवली. सही आपली नाहीच म्हणून सांगा, मग खातं बसेल सिद्ध करत. पंजाबराव ताडकन म्हणाले, "ते नाही होणार वकीलसाहेब. सही माहीच हाय. मजकूर माहा नाही." वकील हसले आणि म्हणाले, मग अवघड आहे.

सुनावणी खात्याच्या मोठ्या साहेबांपुढे होती. एका बाजूला दीपकसाहेब आणि फाइल धरून हरिओम, दुसऱ्या बाजूला बाप-लेक. मोठ्या साहेबांनी चौथं पत्र पुढं सरकवलं.

"सही तुमची?"

"हो साहेब. पण मजकूर..."

"मी सहीचं विचारलं."

"माही हाय."

"मग प्रश्न मिटला."

मंजुश्री उठली. तिनं चारही पत्रं टेबलावर एका ओळीत मांडली. "सर, सह्या बघा. चारही एकाच जागी आहेत, कागदाच्या तळापासून चार बोटं वर. आता मजकूर बघा. दुसऱ्या पत्रात तो जास्त झाला म्हणून अक्षर बारीक करून सहीच्या वर कोंबलंय. चौथ्यात तो दोनच ओळींचा, म्हणून मधे वीतभर जागा मोकळी. सही आधीची आहे आणि मजकूर नंतरचा. आणि पहिली तीन पत्रं नसती, तर मुदतवाढ मिळाली नसती, दंड लागला असता. खांब हटवायचे खात्यानं, दंड मात्र यांना. अशा सहीला राजीखुशीची कसं म्हणायचं?"

खोलीत सगळे त्या कागदांकडे बघत राहिले. मोठ्या साहेबांना कळलं होतं, दीपकसाहेबांना तर आधीपासूनच माहीत होतं, आणि हरिओम छताचा पंखा बघत होता. पंजाबरावांच्या छातीत कितीतरी महिन्यांनी थोडी जागा झाली. वाटलं, आता तरी कोणीतरी म्हणेल की हो, चुकलं.

"कोरे कागद दिले कोणी?" मोठ्या साहेबांनी शांतपणे विचारलं.

"मीच देल्ले साहेब."

"जबरदस्ती केली होती?"

काय सांगणार? गोड बोलण्याला जबरदस्ती म्हणायची कशी? पंजाबराव म्हणाले, "नाही. पण नाही देल्ले असते, तं काम झालं नसतं."

"खांबांबद्दल तुमचं एखादं पत्र आहे का, आमच्या शिक्क्याचं?"

पंजाबरावांनी दीपकसाहेबांकडे बघितलं. पाच पत्रं, पाचही त्यांच्या हातात. दीपकसाहेब फाइलची दोरी बांधत होते. ती बांधून झाल्यावर त्यांनी ती सोडली आणि पुन्हा बांधली.

"नाही साहेब," पंजाबराव म्हणाले.

मोठे साहेब म्हणाले की त्यांना सहानुभूती आहे, पण कागद बोलतो, दावा मान्य करता येत नाही, पुढं कोर्ट मोकळं आहे. एवढं बोलून ते जेवायला गेले. चौदा महिन्यांचा निकाल बारा मिनिटांत लागला.

हरिओमनं एक कागद पुढं आणला. वर फक्त 'सुनावणीचा वृत्तांत' आणि तारीख. बाकी कागद पांढराशुभ्र. "भाऊ, खाली सही करून द्या, तुमची बस जाईन. मजकूर मी निवांत टाइप करून लावून देतो."

तो खरोखरच प्रेमानं म्हणत होता. मंजुश्रीचा चेहरा लाल झाला, ती काही बोलणार तेवढ्यात पंजाबरावांनी तिच्या हातावर हात ठेवला. खुर्ची ओढली आणि टेबलापाशी बसले.

"टाइप कर बावा. मी बसतो."

"आता? लाइट येऊन जाऊन राह्यली. तास-दोन तास लागंन."

"लागू दे."

तीन तास लागले. मोठे साहेब जेवून आले, कागद तयार नाही म्हणून चिडले, त्यांना पुढच्या कामाला जायचं होतं. दीपकसाहेब दोनदा येऊन गेले. शेवटची बस गेली तसं मंजुश्रीनं घरी फोन करून आईला सांगितलं. अखेर कागद आला. त्यात होतं, 'ठेकेदारानं सह्या मान्य केल्या.' पंजाबरावांनी बोटाखाली एकेक ओळ धरून तो वाचला, मग परत वाचला.

"पंजाबराव, आटपा आता, तुमच्यामुळे किती उशीर होतोय!" मोठे साहेब दारातून म्हणाले.

"होऊ द्या साहेब," पंजाबराव मान वर न करता म्हणाले. "उशिराची भरपाई तुमाले मागता येत असंन, तं मागा. मले तं नाही भेटली."

मग त्यांनी खिशातला पेन काढला आणि मजकुराखाली आपल्या हातानं लिहिलं. सह्या माझ्या, चार पत्रांतला मजकूर माझा नाही. खांबांबद्दलची पाच पत्रं मी दीपकसाहेबांच्या हातात दिली आहेत. दाव्याचा हक्क राखून सही करतो. त्याला लागून, बोटभरही जागा न सोडता, सही केली. रेघ सरळ आली.

कागद हरिओमकडे देताना त्यांनी तो सोडला नाही.

"याची झेरॉक्स दे," ते म्हणाले, "अन् त्याच्यावर पोच दे. शिक्का मारून."

हरिओमनं दुखावल्यासारखं बघितलं. "माह्यावर भरवसा नाही का भाऊ?"

"शिक्का कुठं हाय तुहा?" पंजाबराव म्हणाले. "अन् ड्रॉवर उघड. माह्या सहा लेटरहेड राह्यल्या त्याच्यात."