पारावरची मोकळी जागा

गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी यायच्या आधी झुंबरमावशी पारावर हजर. सोबत दोन्ही मुलगे, सुना, झाडून सगळे. पारध्यांच्या वस्तीतली ही काटकुळी बाई येणाऱ्याजाणाऱ्याला ठणकावून सांगायची, "बगून घ्या, आमी हितंच हाय!" माझं घर पारासमोरच. एकदा मी विचारलं, "मावशी, न केलेल्या चोरीसाठी कशाला बसता?" ती उसळून म्हणाली, "बाई, घरातनं उचाललं की मानूस चोरच हुतो. गावासमोरनं उचालताना सायबाला बी जड जातं."

मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. गुन्हेगारी कुठल्या वस्तीत जास्त, याचे तक्ते फळ्यावर काढते. ते तक्ते कसे भरतात, हे मात्र मी घरच्या खिडकीतून पाहिलं आहे, आणि आजही माझं डोकं फिरतं.

नदीवरच्या पंपांची केबल चोरीला गेली, तेव्हा मावशीचा धाकटा सोमनाथ कुपवाडला एका कारखान्यात नुकताच चिकटला होता. आईने पारावर बोलावलं तर म्हणाला, "आये, मी कामगार हाय आता. मी न्हाई बसनार." मावशीला रागाऐवजी अभिमानच वाटला. "नगं बसू. जा कामाव," म्हणाली. त्याच दुपारी पोलिसांनी त्याला कारखान्याच्या गेटवरून, परक्या लोकांदेखत उचललं. नोकरी गेली. पुढे केबल सापडली ती बागायतदार आबासाहेबांच्या मुलाच्या शेडमध्ये. ती 'घरातली भानगड' म्हणून मिटली. ना तक्रार, ना नोंद. अटकेच्या आकड्यात एकटा सोमनाथ. शरम वाटते मला असल्या आकड्यांची!

पुढच्या चोरीला मावशी आधी गेली ती आबासाहेबांच्या बंगल्यावर. फाटकाबाहेरून ओरडली, "आवं आबासाहेब, चोरी झालीया! पोराला घिऊन पारावर या. आमी वाट बगतोय!" दार उघडलं नाही. मग पारावर येऊन ती शेजारी मुद्दाम जागा सोडून बसली. विचारेल त्याला सांगे, "ही तेंची."

गेल्या हिवाळ्यात मावशी गेली. तिचं दिवसकार्य उरकायच्या आत गावात पुन्हा चोरी झाली. सकाळी पाहते तर सोमनाथ तिच्या जागेवर बसलेला. मला संताप आवरेना. "अरे, तू तर बसणार नव्हतास ना?"

"तवा बसाया आय हुती, बाई," तो म्हणाला.

शेजारची जागा त्यानेही मोकळी सोडली होती.