शेजारचं पोट

अख्ख्या वऱ्हाडाच्या पोटात काय चाललंय, हे आमच्या थोरल्या साडभाऊंइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. आरोग्य खात्यातून ते निवृत्त झाले, पण उलट्या-जुलाबांची साथ काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. बाळापूरच्या घरात देवाच्या तसबिरीशेजारी जिल्ह्याचा नकाशा, आणि त्यावर आमच्या मेहुणीच्या टिकल्या. लाल म्हणजे उलट्या, हिरवी म्हणजे जुलाब. "या हप्त्यात टिकल्या पातूरहून इकडे सरकून राहिल्या," असं ते चहा पिताना सांगत, आणि आपला चहा निवायचा. मेहुणी मात्र सणावाराला कपाळाला लावायची टिकली नकाशावर शोधत असे.

एखाद्या लग्नात आहेर द्यायला ते विसरतील, पण तिसऱ्या दिवशी पाहुण्यांना फोन करायला नाही. मात्र पंगतीनंतर पोट बिघडलं असं कबूल करणं म्हणजे यजमानाचं नाक कापणं. जो तो "आमी मजेत" म्हणून मोकळा व्हायचा. मग साडभाऊंनी युक्ती काढली. "अन् शेजारचे कसे आयेत?" एवढंच विचारायचं. त्यावर पलीकडच्या घरात कोण कितीदा उठलं, याची आजीसकट बित्तंबातमी मिळे. "मानूस सोताच्या पोटाचं खोटं सांगते, शेजाऱ्याचं नाही," हा त्यांचा सिद्धांत.

माझ्या धाकट्या मुलाचा साखरपुडा दोन दिवसांवर आला होता, आणि चार वर्षांची नात ओकायला लागली. बोभाटा नको म्हणून आम्ही दार लोटून घेतलं. साडभाऊंचा फोन आला, तर मी "एकदम ठीक" म्हणालो. तासाभरात ते स्कूटरवरून अकोल्याला माझ्या दारात हजर, डिकीत जलसंजीवनीची पाकिटं! माझ्याआधी त्यांनी शेजारच्या काकूंना फोन केला होता.

पोरीचे डोळे खोल गेले होते. मी पुरता घाबरलो होतो. साडभाऊंनी तिला मांडीवर घेतलं आणि चमच्याचमच्यानं पाणी पाजत संध्याकाळपर्यंत बसले. तिला लघवी झाली तेव्हा असे खूश झाले, की आता पेढे वाटतात की काय! मग मला म्हणाले, "साखरपुडा पुढं ढकला. हातोहात पसरते हे. पातूरच्या व्याह्यायले आहेरात हगवन देता काय?"

मी चिडलो, पण ढकलला. आठ दिवसांत आमची निम्मी गल्ली आडवी झाली. तीत मीही होतो, हे त्यांना अर्थातच काकूंनी कळवलं.

आता मेहुणी नाही. साडभाऊ पुण्याला मुलाकडे असतात. तो दिवसभर कामावर. जाताना टिकल्यांचा नकाशा माझ्याकडे ठेवून गेले. परवा फोन केला, तब्येत विचारली.

"एकदम ठीक."

आवाज पार बसलेला होता. मी म्हणालो, "शेजाऱ्यांचा नंबर द्या बरं."

ते म्हणाले, "साडभाऊ, बाजूले कोन राह्यते ते मले मालूम नाही. अन् त्यायले मी."

मला फार वाईट वाटलं. दुसऱ्याच दिवशी पुण्याची गाडी धरली. पिशवीत जलसंजीवनीची दोन पाकिटं टाकली होती.