प्रशांतसाठी काय मागू?

माझ्या सासऱ्यांच्या प्रार्थनेचा मला अकरा वर्षं वैताग आला.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं म्हणून खोटं लिहिणार नाही.

पप्पा एका कारखान्यात टाइमकीपर होते. सासूबाई गेल्यावर भायखळ्याची खोली सोडून आमच्याकडे पूनम सागर सोसायटीत राहायला आले.

रोज सकाळी बरोब्बर सव्वासहाला हॉलमधल्या खुर्चीत बसायचे आणि दुसऱ्यांसाठी प्रार्थना सुरू. चर्चमध्ये आम्ही हिला मध्यस्थीची प्रार्थना म्हणतो. पप्पांनी तिचं टाइमटेबलच केलं होतं. सोमवारी बिल्डिंगमधली माणसं, मजल्यामजल्याने. मंगळवारी आजारी लोक. शुक्रवारी नातेवाईक. शनिवारी ज्यांच्याशी आपलं पटत नाही ते, आणि ती यादी बरीच मोठी होती.

ऐकू कमी यायचं, त्यामुळे आवाज मोठा.

मी किचनमध्ये डबे भरतेय आणि बाहेर चाललंय, "प्रभू, तिसऱ्या मजल्यावरच्या शहाभाईंचं मूळव्याधीचं ऑपरेशन..."

खिडक्या उघड्या. अख्ख्या विंगला कळलं.

"पप्पा, हळू."
"देवाला सांगतोय. त्यात लाज कसली?"
"देवाबरोबर शहाभाईंनाही ऐकू जातंय."

पण खरा त्रास वेगळाच होता. त्यांना प्रत्येकाची खबर हवी असायची. "आशीर्वाद दे" एवढ्यावर त्यांचं भागायचं नाही. कोणाचं नक्की काय चाललंय ते माहीत हवं. आणि त्यांचे गुडघे धरलेले, मग चौकशीला जाणार कोण? मी.

"स्मिता, वॉचमनच्या मुलीचा रिझल्ट लागला का?"
"पप्पा, मला ऑफिस आहे."
"मग संध्याकाळी विचार. दोन आठवडे मागतोय मी तिच्यासाठी."

शुक्रवार सगळ्यात वाईट. शुक्रवारी माझ्या भावाचा नंबर लागायचा.

प्रशांत जेसल पार्कला राहतो. रिक्षाने वीस मिनिटं. आई आजारी होती तेव्हा सहा महिन्यांत तो दोनदा आला. तिला माती दिली त्या दिवशी मी कबरस्तानात सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, "आता कशाला आलास?"

त्यानंतर आमचं बोलणं बंद.

दर शुक्रवारी पप्पा किचनच्या दारात.
"प्रशांतची काही खबर?"
"नाही."
"मग त्याच्यासाठी काय मागू?"
"काहीही मागा."
"काहीही कसं मागणार?"

अशी चार वर्षं गेली.

मग एका संध्याकाळी ऑफिसमधून आले तर पप्पा सोफ्यावर बसलेले, पायातले बूटही काढले नव्हते. एकटेच रिक्षा करून जेसल पार्कला जाऊन आले होते. एक्याऐंशीव्या वर्षी, त्या गुडघ्यांनी, तीन जिने चढून.

"त्याला बीपी निघालंय," म्हणाले. "नोकरी सुटलीय. दुसरी बघतोय."

केवढे खूश दिसत होते. शेवटी मागायला काहीतरी मिळालं होतं त्यांना.

मी भडकले.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला जायला? माझा भाऊ आहे तो, माझं मी बघीन. यापुढे माझ्या माणसांसाठी काही मागू नका."

पप्पा वाकून बुटाची नाडी सोडायला लागले. मग म्हणाले, "बरं."

पुढच्या शुक्रवारी ते खुर्चीत बसले, पण आवाज नाही. ओठ तेवढे हलत होते. कोणाचं नाव घेतलं मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

असे तीन शुक्रवार गेले. चौथ्या आठवड्यात, बुधवारी दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

माझं सॉरी राहून गेलं.

दफनविधीला प्रशांत आला होता. मागे उभा होता.

मग मी ठरवलं, हे आता आपण चालवायचं.

आणि मला ते जमत नाहीये.

सव्वासहाला बसते. दुसऱ्या मिनिटाला डोक्यात भाजी, गॅसचा नंबर, ऑफिसमधलं पंचिंग. सोमवारचे दुसऱ्या मजल्यापर्यंत आठवतात, पुढे कोण? पप्पांनी काही लिहूनच ठेवलं नाही. अकरा वर्षं रोज कानावर पडत होतं आणि मी मिक्सर लावत होते.

तीनदा सोडलं, तीनदा परत धरलं. चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, "हळूहळू जमेल." त्यांचाही राग आला.

शेवटी शहाभाभींची बेल वाजवली. "भाभी, पप्पा आपके लिए क्या माँगते थे?"

"पता नहीं," त्या म्हणाल्या. "लेकिन हर सोमवार लिफ्ट में पूछते थे, अभी कैसा है. अब कोई नहीं पूछता."

घरी येऊन मी नवऱ्यावर उगाच ओरडले.

शुक्रवारी गाडी अडायचीच. प्रशांतसाठी काय मागू? माझ्याकडे होती ती पप्पांनी आणलेली खबर, तीही शिळी झालेली. एका शुक्रवारी डोळे मिटून बसले होते, वैतागून उघडले आणि तसाच त्याला मेसेज टाकला. "बीपी किती आहे?"

दोन दिवसांनी उत्तर आलं. "१४०/९०. का?"

"असंच."

तेव्हापासून दर शुक्रवारी मी विचारते, तो आकडा पाठवतो. बास. आईचा विषय नाही. सॉरी त्याच्याकडून नाही, माझ्याकडूनही नाही. आकडा वाचायचा, डोळे मिटायचे, मागायचं.

मला हे पुरत नाही. एका आकड्यावर भाऊ परत मिळतो का?

गेल्या शुक्रवारी मात्र आकड्याखाली अजून एक ओळ होती. मी न विचारता लिहिलेली.

पप्पा, तुम्ही गेलात तेव्हा माझं-तुमचं भांडण चालू होतं. ते मिटवायला मला अजून जमलेलं नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर सांगते. चूक माझी होती.

आणि त्या ओळीतली खबर: प्रशांतला नोकरी लागलीय. वसईला. एक तारखेपासून जाणार आहे.

प्रभूजवळ शांत विसावा घ्या, पप्पा.

तुमची स्मिता