नंबर वाटणारी खोली

हॉस्पिटलच्या आयटी खोलीत सुखासुखी कोणी येत नाही. काहीतरी बंद पडलेलं असतं म्हणून येतात. कोणी चिडून, कोणी घाबरून, कोणी थोडं खोटं बोलायच्या तयारीने. नवऱ्याची कोलकात्याला बदली झाली तेव्हा मी ही नोकरी धरली, त्याला आता सहा वर्षं होतील. एवढ्या काळात डायरी न लिहिताही बरंच साठतं. संध्याकाळी डमडमला घरी पोचेपर्यंत निम्मं विसरते. उरलेलं सांगते.

आमचं काम ऐकायला सोपं आहे. नेटवर्कवरच्या प्रत्येक कॉम्प्युटरला, प्रिंटरला, फोनला स्वतःचा एक नंबर लागतो. दोघांना एकच नंबर गेला की दोघंही अडतात. मी आले तेव्हा हे नंबर माझे साहेब, घोषालदा, हाताने वाटायचे. लाल बांधणीचं रजिस्टर आणि शाईचं पेन.

*

एक्स-रे विभागातला टेक्निशियन पाल एकदा तक्रार घेऊन आला. म्हणाला, "कँटीनमध्ये लुची तळायला लागले की माझा कॉम्प्युटर बंद पडतो."

लुची म्हणजे इथली मैद्याची पुरी. घोषालदा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पाल दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी मी सकाळीच जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले. खिडकीतून तळणाचा वास आला आणि दोन मिनिटांत स्क्रीनवरून नेटवर्क गेलं.

खाली जाऊन पाहिलं. नाश्ता सुरू झाला की कँटीनवाला बिलाचा प्रिंटर चालू करायचा. त्या प्रिंटरचा आणि पालच्या कॉम्प्युटरचा नंबर एकच होता. रजिस्टरात घोषालदांचा इंग्रजी शून्य आणि सहा अगदी जुळ्या भावांसारखे दिसायचे.

घोषालदांनी पालची माफी मागितली. पाल म्हणाला, "माफी राहू द्या. मी तीन दिवस लुची खाल्ली नाही."

*

त्यानंतर मी धीर करून म्हटलं, "दादा, हे नंबर सर्व्हरलाच वाटू द्या ना. यंत्र चालू झालं की मागेल, सर्व्हर मोकळा नंबर बघून देईल, काम संपलं की परत घेईल."

"आणि कोणाला कोणता दिला हे मला कसं कळणार?"

"यादी दिसते."

ते दोन महिने तयार होत नव्हते. शेवटी एका रविवारी बदल केला आणि सोमवारी सकाळी ते रजिस्टर मांडीवर घेऊन स्क्रीनसमोर बसले. एकेक विभाग उघडत गेला, यादी भराभर वाढत गेली. बऱ्याच वेळाने म्हणाले, "माझी अकरा वर्षं याने चहा यायच्या आत उरकली."

चहा आला तो त्यांनी घेतला नाही. त्या दिवशी मी जपूनच बोलले.

*

सगळ्यांनाच हे मानवलं असं नाही. मालतीदी आमच्या जुन्या सिस्टर. त्यांनी आपल्या कॉम्प्युटरचा नंबर चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवला होता. एका सकाळी त्या खोलीच्या दारात उभ्या. "दिदी, आमार नंबर चुरी होये गेछे."

चोरी नाही, सर्व्हरने दुसरा दिलाय, असं मी समजावलं. त्यांना पटेना. इतकी वर्षं त्या नंबरावर एकही पेशंट दगावला नाही, म्हणाल्या. तेव्हा घोषालदांनी तो नंबर त्यांच्या कॉम्प्युटरसाठी राखून ठेवला. सर्व्हरला तशी सोय असते.

हे बाहेर कळायला नको होतं. आठवड्याभरात राखीव नंबरासाठी अर्ज यायला लागले. एका तरुण डॉक्टरचा अर्ज मात्र वेगळा होता. त्याने लिहिलं होतं, "माझा नंबर कोणताही चालेल, फक्त विभागप्रमुखांच्या आधीचा नको."

*

एकदा सकाळी अख्खी ओपीडी ठप्प. केसपेपर निघेनात, पेशंटची रांग फाटकापर्यंत. कॉम्प्युटरना नंबर मिळत होते, पण ते आमचे नव्हते. म्हणजे कोणीतरी घरचा राउटर आणून जोडला होता आणि तोही मागेल त्याला नंबर वाटत सुटला होता.

डोळ्यांचे डॉक्टर सान्याल सगळ्यात जास्त तापले होते. "असं करणाऱ्याला काढून टाका," म्हणत ते आमच्याबरोबर मजल्या-मजल्यावर फिरले. तासाभराने राउटर सापडला, त्यांच्याच खोलीत, कपाटावर, छत्रीच्या मागे.

डॉक्टरांनी छत्री बाजूला केली. "हा मी फक्त माझ्यापुरता आणला होता."

घोषालदा वायर काढत म्हणाले, "त्याला तसं सांगायचं राहिलं वाटतं."

*

गेल्या हिवाळ्यात एक बाई धावत खोलीत आल्या. इथे कोणी मराठी आहे असं त्यांना सिस्टरने सांगितलं होतं. त्यांचे वडील देवधर, बँकेतून निवृत्त झालेले, बदलीवर कोलकात्याला आले ते इथलेच झाले. हल्ली त्यांना आठवत नसे. न्यूमोनियासाठी तिसऱ्या मजल्यावर होते. जेवणानंतर पलंग रिकामा.

"ताई, बाबा हरवला आहे," त्या अडखळत म्हणाल्या. "फोन आहे त्याच्याकडे, पण उचलत नाही."

फोन आमच्या वायफायवर होता. त्यांनीच जोडून दिला होता, नाव ठेवलं होतं 'बाबा'. मी यादी उघडली. तीन 'बाबा' होते. बंगालीतही बापाला बाबाच म्हणतात.

दोघांचे नंबर सकाळपासून तेच होते. तिसऱ्याला वीस मिनिटांपूर्वी नवा मिळाला होता, जुन्या इमारतीचा. तिथले नंबर वेगळे असतात. यंत्र तिकडे गेलं की सर्व्हर त्याला तिथला नंबर देतो.

"जुनी इमारत," मी म्हटलं. "प्रसूती विभाग."

घोषालदांनी सिक्युरिटीला फोन लावला. आम्ही दोघी धावत सुटलो. जिन्यावर धापा टाकत त्या म्हणाल्या, "आई गेल्यापासून असं होतं. दोन वर्षं."

ते दुसऱ्या मजल्यावर बाकावर बसले होते. अंगात पेशंटचा झगा, केस पाणी लावून विंचरलेले, हात मांडीवर. बाई समोर जाऊन वाकल्या. "बाबा, चल."

त्यांनी वर पाहिलं आणि सभ्यपणे सरकून जागा करून दिली. "बसा ना. मुलगी झाली म्हणाले. अजून दाखवली नाही."

बाई माझ्याकडे वळल्या, मग पुन्हा त्यांच्याकडे. शेजारी बसल्या. "मी पण थांबते."

"तुमचं कोण आहे आत?"

"आई," त्या म्हणाल्या.